कवडसा लांबला कसा?

कौलारू घरात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना कवडशाची ओळख करून द्यायला नको. दुपारी फुटक्या कौलातून उन्हाची तिरीप आत येते आणि जमिनीवर रुपयाएवढे गोल तेज पडते. कौलातली फट कितीही वेडीवाकडी असो, कवडसा बहुधा गोलच. कारण त्याचा गोलावा सूर्यबिंबाचा असतो. छप्पर जितके उंच, तितका तो मोठा. असाच एक कवडसा इंग्लंडातील एका २३ वर्षांच्या तरुणाने भिंतीवर पाडला होता. तो गोल पडायला हवा होता, पण पडला लांबट. त्या तरुणाचे नाव आयझॅक न्यूटन. त्या लांबट कवडशाचीच हकिगत आज सांगावयाची आहे.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. पाण्यात तिरपी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हे आपण विहिरीवर पाहतो. हवेतून पाण्यात किंवा काचेत तिरपा शिरताना प्रकाश वाकतो. यालाच वक्रीभवन म्हणतात. वाकण्याचा नेमका नियम बगदादच्या इब्न सहलने इ. स. ९८४ च्या सुमारास जाणला होता. हॉलंडातील स्नेलला तो १६२१ च्या सुमारास पुन्हा सापडला, पण त्याने तो छापला नाही. छापून आला तो १६३७ साली, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या ग्रंथात.

पण प्रकाशाचा झोत वाकतो तेव्हा त्याची दिशा तर बदलतेच, शिवाय रुंदीही बदलते. कशी ते पाहा. उसाचे कांडे कोयत्याने फार तिरपे छाटले तर काप लांबट होतो. तेवढ्याच लांबीचा काप कमी तिरप्या घावाने हवा असेल तर ऊस जाड घ्यावा लागेल. पाण्याच्या पृष्ठभागावर झोताने व्यापलेला पट्टा म्हणजे हा काप. हवेतला झोत आणि पाण्यातला झोत, दोघांचा काप एकच. पाण्यातला झोत अधिक उभा, म्हणून तो अधिक जाड. उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून आलेला झोत पाण्यात सुमारे ४०½ अंशांवर येतो आणि त्याची रुंदी जवळजवळ दीडपट होते. अर्थात वाढते ती फक्त ज्या अंगाला तो वाकला त्या अंगाची रुंदी. दुसऱ्या अंगाची होती तेवढीच राहते. बाहेर पडताना सगळे उलट होते आणि झोत पुन्हा अरुंद होतो.

आता न्यूटनकडे वळू. १६६६ च्या आरंभी आपण काचेचा एक त्रिकोणी लोलक घेतला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. झुंबराला टांगतात त्याच जातीची ही काच. तीतून रंग दिसतात हे सर्वांना ठाऊक होते. जत्रेतल्या गंमतीसारखे ते लोक पाहत. न्यूटनने खोलीत अंधार केला, खिडकीच्या झडपेला पाव इंचाचे भोक पाडले आणि भोकापाशी लोलक धरून समोर २२ फुटांवरच्या भिंतीवर रंग पाडले. रंग पाहून त्यालाही मौज वाटली. पण लगेच त्याचे लक्ष गेले आकाराकडे.

लोलक त्याने अशा बेताने धरला होता की, आत शिरताना झोत जितका वाके तितकाच बाहेर पडताना वाके. म्हणजे आत शिरताना रुंदीत जो फरक पडेल तो बाहेर पडताना भरून निघावा, आणि कवडसा गोल पडावा. प्रत्यक्षात मोजला तेव्हा रुंदी भरली २⅝ इंच आणि लांबी १३¼ इंच! रुंदीतून भोकाचा पाव इंच वजा केला तर उरलेले माप सूर्यबिंबाच्या ३१ कलांच्या कोनाशी बरोबर जुळत होते. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला.) रुंदीचा हिशेब चोख होता. मग लांबी पाचपट का?

त्याने एकेक शंका तपासली. काच कुठे जाड, कुठे पातळ म्हणून? भोक लहानमोठे म्हणून? लोलक खिडकीच्या आत म्हणून? सगळे बदलून पाहिले, काही फरक पडेना. काचेत दोष असेल म्हणावे, तर दुसरा लोलक उलटा लावताच कवडसा पुन्हा गोल झाला. काचेच्या दोषाने आकार बिघडला असता, तर दुसऱ्या काचेने तो आणखी बिघडायला हवा होता.

शेवटी त्याने दोन फळ्यांना बारीक भोके पाडून एका वेळी एकच रंग पुढच्या लोलकावर सोडला. पहिल्या लोलकात जो रंग जास्त वाकला होता, तोच दुसऱ्यातही जास्त वाकला. तेव्हा उलगडा झाला. पांढरा प्रकाश हे अनेक रंगांचे मिश्रण आहे, आणि प्रत्येक रंगाचे वाकणे ठरलेले आहे. भिंतीवर एक लांब कवडसा नव्हताच. रंगारंगांचे गोल कवडसे एकमेकांवर थोडेथोडे सरकून पडले होते! रंग ही काचेची करणी आहे ही जुनी समजूत तिथेच मोडली.

१६७२ साली हे छापून आले तेव्हा रॉबर्ट हूकसारख्या जाणत्या माणसानेही त्याला विरोध केला. वाद बराच चालला. ‘ऑप्टिक्स’ हा न्यूटनचा ग्रंथ बाहेर पडला तो १७०४ साली. आणि न्यूटनही चुकला, हेही सांगितले पाहिजे. भिंगाच्या दुर्बिणीतले रंगांचे झालर काढता येणार नाही, असे त्याने ठरवून टाकले होते. पुढे दोन जातींच्या काचा जोडून ती झालर काढता येते असे दिसून आले, आणि १७५८ साली लंडनच्या डॉलंडने अशा भिंगाचे पेटंट घेतले.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. वर्गात लोलक असेल तर एखाद्या सकाळी खिडकी झाकून कवडसा पाडा. मुलांना सूर्याकडे मात्र मुळीच पाहू देऊ नका. रंगांची नावे ती आपसूक सांगतील. मग त्यांच्या हाती फूटपट्टी द्या, लांबी आणि रुंदी दोन्ही मोजायला लावा, आणि दोन्हींत एवढा फरक का, एवढेच विचारून थांबा.