भोंगा आणि हजेरी

महालातल्या जुन्या पिढीकडे भिंतीवरचे घड्याळ नव्हते तेव्हा मिलचा भोंगा होता. जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या अंगाने तो ऐकू येई. एम्प्रेस मिलचा इतिहास लिहिणारे बहुधा जमशेटजी टाटांच्या दूरदृष्टीपासून सुरुवात करतात. मला मात्र या मिलमध्ये रस निर्माण झाला तो एका साध्या प्रश्नाने: भोंगा वाजूनही माणूस आला नाही तर काय करायचे?

1 जानेवारी 1877 रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून हे नाव. सुमारे तीस हजार चात्या, 450 माग. मुंबई सोडून नागपूर का, याचे उत्तर सोपे आहे. कापूस दाराशी, रेल्वे 1867 मध्येच येऊन पोचलेली, कोळसा वरोऱ्याला. यंत्रांचा अंदाज बांधता आला होता, माणसांचा बांधता आला नव्हता. नागपुरात रोज शंभरातली वीसेक माणसे कामावर येत नसत.

हा आळस होता असे तेव्हाच्या लिखाणात सुचवलेले दिसते. मला ते पटत नाही. भोसल्यांचे राज्य 1854 साली खालसा झाले आणि दरबारी गिऱ्हाईक गेले, तरी महाल-इतवारीच्या कोष्ट्याचा माग घरातच होता. ताणा कधी लावायचा, कधी उठायचे, हे त्याचे तो ठरवी. खेड्यातून आलेल्याला पेरणी आणि कापणी होती. लग्नसराईत तर कोणाचेच पाय घराबाहेर निघत नसत. भोंग्यावर जगणे ही या गावाला पूर्णपणे नवी गोष्ट होती.

त्या काळच्या गिरणीमालकाकडे यावर तयार औषध होते: दंड. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी दुसरी वाट धरली. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतुकीतून आलेले, कापडाचे ज्ञान शून्य. माझा तर्क असा की हे अज्ञान उपयोगी पडले असावे. गिरणीत असेच चालते, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू झाली, बायकामुलांसह खेळांचे दिवस भरू लागले. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. कामगार नुकसानभरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर 28 वर्षे जावी लागली.

हे औदार्य होते की हिशेब? दोन्ही. ज्या मिलला रोज हातांची वाण पडते, तिला माणूस टिकवणे परवडते, हाकलणे नाही. पण हिशेब तर सगळ्याच गिरण्या करत होत्या. बहुतेकांचा हिशेब दंडाच्या वहीत संपला; इथे कोणी तरी माणूस का येत नाही, हा प्रश्न धरून बसले आणि उत्तरासाठी त्याच्या घरापर्यंत गेले. निवृत्तिवेतन म्हणजे म्हातारपण मोजणे. बायकामुलांना बोलावणे म्हणजे गैरहजेरीचे खरे कारण मोजणे. आजच्या कार्यालयांत 'एचआर' म्हणून जो विभाग असतो त्याने ही दोन कामे वाचावीत असे मला वाटते. कौटुंबिक दिवस तर तेही करतात, केक कापतात.

तरी इथे थांबलो तर मी गौरवग्रंथ लिहीन. कापडगिरण्यांत 'बदली' नावाचा एक माणूस असे. कायमच्या कामगाराचा खाडा झाला तरच याला त्या दिवसाचे काम. सकाळी तो दाराशी उभा राही, बोलावले तर आत, नाही तर घरी. म्हणजे दुसऱ्याची गैरहजेरी ही याची भाकर. हजेरी सुधारण्याच्या प्रत्येक यशाने त्याचा एक दिवस बुडे, आणि हे गणित कोणत्याही गौरवलेखात मी वाचलेले नाही. कोष्ट्यांबरोबर या मिलमध्ये महार समाजाची माणसे मोठ्या संख्येने होती. वसंत मून यांच्या 'वस्ती'त नागपूरच्या त्या जगाचे दर्शन होते. मिलने दिलेल्या सोयी खऱ्या होत्या, पण किती द्यायचे आणि कोणाला, हे मिल ठरवी. 1920 नंतर रा. स. रुईकरांसारखे पुढारी याच कामगारांत युनियन बांधू लागले, ते मिल वाईट होती म्हणून नव्हे. मजुरी किती, हे विचारायला खेळांच्या दिवशी जागा नव्हती.

आमच्या शेजारी एक निवृत्त काका राहत. नऊ वर्षे बदलीत काढून मग कायम झाले होते. 1986 मध्ये मिल टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. मी त्यांना फंडाबद्दल विचारत होतो. ते म्हणाले, "फंडाचं सांगतो, बाबू, पण आधी त्या नऊ वर्षांचं लिही. ती कुठंच धरली नाहीत."