मुलांच्या हातचं काम: ब्लांकेनबुर्ग ते कोसबाद



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या पाठशाळेत एक वाद दरवर्षी निघतो. त्रिशला मातेची सोळा स्वप्नं मुलांकडून करून घ्यायची की तयार संच आणायचा? यंदा एकीने मोबाइलवर संचाचे फोटोच दाखवले. थर्मोकोलचा हत्ती, चमकीचं कमळ-सरोवर, बॅटरीवर पेटणारा निर्धूम अग्नी. दिसायला सुरेख होतं. किंमत विचारली तर सोळा स्वप्नांचे साडेचार हजार. मुलांनी काय करायचं? मागचा कागद काढून चिकटवायचं.

मी तिथे काही बोलले नाही. बोलायचा मला फारसा अधिकारही नव्हता, तो का ते पुढे सांगते. पण घरी आल्यावर वाटलं, लहान मुलांच्या हातात कागद, माती, रंग द्यायचे हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं, आणि ते आपल्या दारापर्यंत कसं पोचलं, ते एकदा नीट मांडावं. आपण 'हस्तव्यवसाय', 'कार्यानुभव', 'क्राफ्ट' म्हणून मोकळ्या होतो, पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांहून मोठी गोष्ट आहे.

सुरुवात जर्मनीत होते. फ्रिडरिश फ्रोबेल यांचा जन्म 1782 चा. आई गेली तेव्हा ते एक वर्षाचेही नव्हते. सगळं लहानपण आईविना गेलेल्या या माणसाने पुढे आयांसाठीही लिहिलं. 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात त्यांनी लहान मुलांच्या खेळाची आणि कामाची एक संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. आज गल्लीबोळात 'के.जी.'च्या पाट्या दिसतात, त्यातला 'के' हा.

फ्रोबेल यांनी मुलांसाठी दोन प्रकारचं साहित्य ठरवलं. एकाला ते भेटी म्हणत. पहिली भेट म्हणजे दोरीला बांधलेले लोकरीचे सहा रंगीत मऊ चेंडू. दुसरी लाकडाची: गोल, घन आणि नळकांडं. मग आठ तुकड्यांचा ठोकळा, आणि अशा पुढच्या भेटी. खेळून झालं की भेट जशी होती तशी पेटीत परत ठेवायची. दुसरा प्रकार हातकामाचा. कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम, सुईने टोचून चित्र, शिवण, मातीकाम. यात वस्तू बदलते, परत पहिल्यासारखी होत नाही. घडी घातलेल्या कागदावर रेघ राहते ती राहतेच.

त्यात एक काम वाटाण्यांचं होतं. भिजवलेल्या वाटाण्यांत बारीक काड्या खोचून घर, खुर्ची, चांदणी करायची. हे मी वाचलं तेव्हा हसूच आलं. आपल्या घरात कोणी खेळायला वाटाणे भिजवले असते तर सासूबाईंनी आधी काड्या काढून घेतल्या असत्या, मग मला उपदेश केला असता, आणि संध्याकाळी त्याच वाटाण्यांची उसळ झाली असती. मी नातीला वाटाण्यांऐवजी भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या गोळ्या करून देते. काड्या छान बसतात, आणि वाळल्यावर घर मोडत नाही.

फ्रोबेल यांचं अखेरचं वर्ष वाईट गेलं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. धर्म बुडवणारं आणि समाजवादी शिक्षण, असा आरोप होता. त्यात त्यांच्या पुतण्याच्या लिखाणाशीही गल्लत झाली म्हणतात. पुढच्याच वर्षी, 1852 मध्ये, फ्रोबेल वारले. बंदी उठली 1860 मध्ये. चेंडू आणि कागदाच्या घड्यांची सरकारला भीती वाटावी, हे आज खरं वाटत नाही. पण त्या बंदीने काम थांबलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायका देशोदेशी गेल्या आणि जिथे गेल्या तिथे बालवर्ग काढले. बाईने घराबाहेर पडून सन्मानाने पोट भरावं, याचा एक रस्ता त्या लोकरीच्या चेंडूंतून निघाला. हे मला फार मोलाचं वाटतं.

नंतर मात्र व्हायचं तेच झालं. गुरू गेला आणि कर्मकांड उरलं. एक घडी, दोन घडी, सगळ्यांनी एकदम, बाई सांगतील तशी. चाळीस मुलांच्या चाळीस होड्या अगदी सारख्या. आपल्याकडे पूजेचं असं होतं तेव्हा आपण त्याला भावाविना क्रिया म्हणतो.

दुसरं पान इटलीचं. मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह काढलं. मुलाला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने काम करू द्या, चूक त्याची त्याला दिसू द्या, मोठ्यांनी मधे पडू नका, हा त्यांचा आग्रह. साधनं मोजूनमापून, अचूक बनवलेली. अर्थात महागही. या बाई 1939 मध्ये भारतात आल्या, आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांचा विचार त्यांच्या आधीच गुजरातेत पोचला होता, तोही एका वकिलामुळे.

गिजुभाई बधेका वकिली करत. घरात मुलगा झाला, त्याला कसं वाढवावं म्हणून पुस्तकं शोधू लागले, त्यात माँटेसरी बाईंचं पुस्तक हाती आलं आणि वकिली सुटली. 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. मिशा राखलेला हा माणूस मुलांत इतका रमे की गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा' म्हणजे मिशीवाली आई म्हणत. त्यांना तिथे येऊन मिळाल्या आपल्या मराठी ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदी काम केलेल्या. चांगल्या पगाराची, मानाची जागा सोडून त्या बालमंदिरात आल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला.

गिजुभाई 1939 मध्ये गेले. ताराबाईंच्या मनात एक हिशेब सतत चालू असावा असं मला वाटतं, आणि मी बी.कॉम. असल्यामुळे तो मला जवळचा आहे. माँटेसरीची पेटी परवडणारी मुलं किती? आणि खेडी किती? 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या शहर सोडून बोर्डीला गेल्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्राकाठी. सोबत अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. त्या ताराबाईंकडे गेल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच कामात घातलं.

बोर्डीला बालवाडी तर निघाली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघीच वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी अंगणात बसून मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, गाणी, गोष्टी, आणि मग हातकाम. अंगणात भरते ती अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला, पण त्याचं माहेर बोर्डीचं.

आणि साधनं? लाकडी ठोकळ्यांच्या जागी नदीतले गोटे. मोजायला चिंचोके आणि बिया. रंग ओळखायला पानं-फुलं. समुद्र जवळ म्हणून शंख-शिंपले. माती तर पायाखालीच. इटलीत सुताराकडून घासूनपुसून यायचं ते इथे मुलंच गोळा करून आणत. खर्चाच्या रकान्यात जवळजवळ शून्य, आणि गोळा करताना निवडणं, लहानमोठं लावणं, मोजणं हे शिक्षण वर फुकट.

1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथली मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. वारली घरातल्या बायका लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. म्हणजे त्या मुलांच्या घरात चित्रकला आधीपासूनच होती. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताईंना पद्मश्री. त्या 1992 मध्ये गेल्या, तोवर काम चालूच होतं.

हे सगळं वाचताना मला आपली घरं आठवत राहिली. आपल्याकडे विधानाचं मंडल मांडतात तेव्हा रंगीत तांदूळ भरायला मुलांना बसवतात. मीही सात-आठ वर्षांची असताना बसले आहे. पाटावर अक्षतांचं स्वस्तिक काढताना बोटांची चिमूट कशी धरायची ते आजीने शिकवलं. याला कोणी हस्तव्यवसाय म्हणालं नाही, पण फ्रोबेल यांनी पाहिलं असतं तर त्यांना ते आपलंच वाटलं असतं. आणि मुनिमहाराजांची पिच्छी! मोराने स्वतःहून टाकलेली पिसंच त्यात घेतात. पडलेलं घ्यावं, तोडू नये, हा आपला नियम कोसबादच्या गोळा करण्याशी किती सहज जुळतो.

अडचण येते ती बाजारातल्या आणि शाळेतल्या साहित्याची. नातीच्या बालवर्गातून चिठ्ठी आली, ठसेकामासाठी अर्धा बटाटा पाठवा. आमच्या घरात बटाटा येत नाही. सूनबाई म्हणाली, "आई, एक दिवसापुरता आणते, कशाला वेगळं दिसायचं?" मी भाजीसाठी चिरलेल्या भेंडीचे देठ डब्यात घालून दिले. देठाचं फूल उमटतं, पाच पाकळ्यांचं. बाईंना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच आणायला सांगितलं. शाळेला दोष नाही, त्यांना माहीत नसतं, आपण सांगत नाही.

चिकटवायला मी मैद्याची खळ करते. जुने बाइंडर सरस वापरत, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा, आपल्याला चालणारच नाही. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तेही मुलांच्या हाती नको. म्हणून लागेल तेवढीच शिजवायची आणि सूर्यास्ताच्या आत संपवायची. शिळी ठेवायची नाही.

आता माझी चूक सांगते. माझी मुलगी पहिलीत होती. पाठशाळेच्या प्रदर्शनासाठी तिने सिंहाचं स्वप्न केलं, मातीचं. सिंहाला पाय पाच झाले होते आणि आयाळ तोंडावर आली होती. रात्री ती झोपल्यावर मी तो मोडला आणि नवा केला. चार पाय, सुबक आयाळ, वर सोनेरी रंग. तिला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा होता, अजून घरात आहे. बक्षीस घेताना ती माझ्याकडे बघत नव्हती. घरी येऊन एवढंच विचारलं, "आई, माझा कुठाय?"

तिने त्यानंतर मातीला हात लावला नाही. चित्रकलेच्या वह्या मला करायला देऊ लागली, मी करतही गेले. आता ती चाळिशीत आहे, आणि परवा फोनवर मी तिला प्रदर्शनाचं सांगत होते तर ती हसून म्हणाली, "आई, या वेळी रात्री उठू नकोस हं." ती थट्टेत म्हणाली, मी उत्तम क्षमेच्या दिवसाची वाट न बघता तिथेच क्षमा मागितली. ती म्हणाली, अगं, किती जुनं काढतेस.

म्हणून त्या सभेत मी गप्प होते. पण रविवारी परत गेले आणि बोलले. तयार संच आणायचा नाही असं ठरलं आहे, अगदी एकमताने नाही, पण ठरलं आहे. सोळा स्वप्नं सोळा मुलं करतील, दोन माळांचं आणि दोन कलशांचं सगळ्यात लहान मुलांकडे. आयांनी खोलीबाहेर बसायचं, मीसुद्धा.

आणायचं साहित्य असं: जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, अंगणात पडलेली वाळकी पानं, शिवणातल्या सुती चिंध्या (रेशीम नको), पेरलेल्या नाहीत अशा चिंचोक्यांची एक वाटी. पिसं, लाख, थर्मोकोल आणू नये. खळ मी करून आणते, दुपारी दोन वाजता. सिंह कोण करणार ते अजून ठरायचं आहे.