वळिवडेची छावणी आणि फादर प्लुटांची सही

हा भाग ऐकताना मागून बुलेटचा आवाज येईल, कारण मी महालातल्या आमच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत बसून रेकॉर्ड केलाय. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय, थोडं साफसूफ करून.

सुरुवात १७ मार्च २०२५ पासून करतो. त्या रात्री महालात काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंय. दगडफेक, जाळलेल्या गाड्या आणि मग संचारबंदी. आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. मी लॅपटॉपवर कोड लिहीत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. आई सारखी विचारत होती, "काऊन रे, दूध मिळंल का उद्या?" आमचं नुकसान काहीच झालं नाही. तरी स्वतःच्या घरात दरवाजा वाजला की पोटात गोळा येतो म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच आठवड्यात टीमच्या कॉलवर एक सहकारी म्हणाली, "आमच्या आजोबांनी तर घरच सोडलं होतं." ती सिंधी आहे, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची. आपल्या जरीपटक्यासारखीच ती फाळणीतून आलेल्या लोकांची वस्ती, आता कपड्यांची मोठी होलसेल बाजारपेठ. पुढे ती सहज बोलून गेली, "आमच्या आधी त्या बराकींमध्ये पोलंडची माणसं राहायची."

पोलंडची? कोल्हापुरात? मी कॉल म्यूट केला आणि शोधत बसलो. स्प्रिंटचं काम गेलं खड्ड्यात.

तर गोष्ट अशी. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पोलंडमध्ये पश्चिमेकडून घुसला, हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला स्टालिनची फौज पूर्वेकडून घुसली, हे बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकतात. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पूर्व पोलंडमध्ये दारं ठोठावली गेली. कडाक्याची थंडी, दारात बंदूकधारी शिपाई, सामान बांधायला जेमतेम वेळ. मग गुरं वाहायच्या डब्यांतून सायबेरिया, कझाकस्तान. जून १९४१ पर्यंत अशा चार लाटा झाल्या आणि तीन लाखांहून जास्त लोक नेले गेले. दहशतवाद म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो, एके-४७ आठवते. इथे दहशत सरकारी होती, शिक्क्यासकट, नावांच्या याद्या करून.

जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला आणि पारडं फिरलं. जुलैमध्ये करार झाला, पोलिश लोकांना 'माफी' मिळाली. कुठल्या गुन्ह्याची, हे विचारू नका. मग माणसं दक्षिणेकडे निघाली. वाटेत टायफस, भूक. आईबाप गेले आणि पोरं अनाथाश्रमांत जमा झाली. १९४२ मध्ये बरेचजण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. अनाथ मुलांची एक तुकडी अश्गाबादहून ट्रकमधून, इराणमार्गे, थेट भारतात आली. एप्रिल १९४२ मध्ये ती मुलं मुंबईत, वांद्र्याला उतरली. मुंबईतल्या पोलिश कॉन्सुलच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी मुलांना आपल्या संस्थानात बालाचडीला जागा दिली. मुलं त्यांना 'बापू' म्हणायची. हा भाग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, यावर रील्स भरपूर आहेत.

वळिवडेवर मात्र रील्स कमी दिसतात. १९४३ मध्ये पंचगंगेजवळ ही दुसरी छावणी उभी राहिली, आणि आकाराने बालाचडीच्या कितीतरी मोठी. सुमारे ५,००० माणसं, त्यातही बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. पुरुष एकतर सैन्यात होते किंवा मेले होते. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा एक लहान मूल होतं आणि कारभार रीजन्सीकडे. खर्च लंडनमधलं पोलिश परागंदा सरकार करायचं. तेव्हा निर्वासितांसाठीचा आंतरराष्ट्रीय करारसुद्धा नव्हता, तो झाला १९५१ मध्ये, आणि भारताने त्यावर आजही सही केलेली नाही.

या बायकांनी तिथे आधी काय उभं केलं? बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत शाळा, दवाखाना, स्काउटची पथकं, आणि चर्च. मी ख्रिश्चन नाही, देवळातसुद्धा परीक्षेच्या आधीच जाणारा माणूस. पण त्या चर्चपाशी मी बराच वेळ अडकलो. सोव्हिएत राजवटीने ज्यांचं घर आणि देव दोन्ही काढून घ्यायचा प्रयत्न केला, ती माणसं कौलारू बराकींच्या गावात दर रविवारी आपल्या भाषेत प्रार्थना करत होती. बाहेर कोल्हापूरचे भाजीवाले गिऱ्हाइकांकडून पोलिश शब्द शिकत होते.

सगळं गोड नव्हतं, हेही सांगतो. छावणी उघडली त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. ज्या इंग्रज सरकारला परक्यांची छावणी चालवता आली, त्याला आपल्या ताब्यातल्या लोकांना अन्न पोहोचवता आलं नाही. यात पोलिश पोरांचा काय दोष? काहीच नाही. तरी ही दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आता सहीकडे येतो. युद्ध संपलं आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टप्रणीत सरकारला दिली. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता. म्हणजे या माणसांची गावं होती तिथेच राहिली, देश मात्र खालून सरकला. वॉर्सा म्हणू लागलं, आमची मुलं परत पाठवा. ज्या राजवटीच्या छायेखाली मुलांचे आईबाप मेले, तिच्याच हातात अनाथ मुलं द्यायची?

बालाचडीच्या छावणीचे प्रमुख होते फादर फ्रान्चिशेक प्लुटा, कॅथलिक पाद्री. त्यांनी, जामसाहेबांनी आणि जेफ्री क्लार्क या इंग्रज अधिकाऱ्याने मिळून त्या मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं. एक हिंदू राजा, एक पाद्री, एक इंग्रज साहेब, आणि कागदोपत्री सगळी पोरं त्यांची. आता त्यांना कोणी जबरदस्तीने पाठवू शकत नव्हतं. फादर प्लुटा पुढे काही मुलांना अमेरिकेला घेऊन गेले. पोलंडच्या नव्या सरकारने त्यांना अपहरणकर्ता ठरवलं.

हे वाचून मी लगेच त्यांच्या बाजूने झालो होतो. नंतर वाटलं, ज्या मुलाचा एखादा काका, एखादी मावशी पोलंडमध्ये जिवंत असेल, त्याचं काय? तिकडे कोणीतरी वाट बघत बसलं असेल ना. फादरांना हे कळत नसेल असं नाही. पण मुलांच्या अंगावर वळ कोणाचे आहेत हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. हिंसेला त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे प्रवचन नव्हतं, शाप नव्हता. "ही पोरं माझी" असं कागदावर लिहून दिलं आणि त्याची बदनामी पत्करली. बरोबर की चूक? मी आजही बरोबरकडे झुकतो, पण त्या मावशीचा विचार करून.

१९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुलं वळिवडेला आली. मग वळिवडेही रिकामं होत गेलं. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत, थोडे पोलंडला. १९४८ पर्यंत जवळपास सगळे गेले. आणि सिंधमधून, अंगावरच्या कपड्यांनिशी, माझ्या सहकारीणीच्या आजोबांसारखी माणसं त्याच बराकींत आली.

वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये पोलिश स्मारक आहे, आणि ख्रिश्चन स्मशानभूमीत पोलिश कबरी आहेत.

संचारबंदी उठल्यावर मी तिला म्हटलं, मला छावणी बघायला यायचंय. ती हसली. "ये, पण छावणी उरलेली नाहीये. साड्या घ्यायच्या असतील तर ये. आईला विचार किती हव्यात."

आईने सहा सांगितल्यात. दिवाळीनंतर जातोय. कबरींपाशी रेकॉर्डर चालू करायचा की नाही, ते तिथे गेल्यावर ठरवीन.