कासोटा आणि बर्फावरची विजार

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं जाताना खोपोलीजवळ शिळफाटा लागतो. ठाण्याकडचा शिळफाटा तो वेगळा. या फाट्यापासून बोरघाटाचा डोंगर अगदी समोर दिसतो. पावसाळ्यात इकडच्या खाचरांतून भाताची आवणी चालते. घोट्यापर्यंत चिखल, कमरेत वाकलेल्या बाया, आणि लुगड्याचा कासोटा मागं घट्ट खोवलेला. या कासोट्याची गोष्ट आज सांगायची आहे. पण ती नीट कळावी म्हणून मी तुम्हांला युरोपातल्या बर्फाच्या डोंगरांवरही नेणार आहे.

आधी आपला घाट पाहू. या बोरघाटात रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली पुरं झालं. पंचवीस बोगदे खोदावे लागले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते, आणि त्यांत बायाही होत्या. डोक्यावर माती-दगडाची पाटी घेऊन कड्याच्या अरुंद वाटेनं चढायचं-उतरायचं, म्हणजे पाऊल मोकळं हवं आणि पायात कापड अडकता कामा नये. कासोट्यानं हे दोन्ही साधतं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याला ना शिवण, ना नाडी, ना गुंडी. पण नीट नेसलं की त्याचीच विजार होते.

या कामाचा ठेका १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे आला आणि त्याच वर्षी तो इथंच वारला. पुढं त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ठेका आपल्या अंगावर घेतला आणि इंजिनियर नेमून काम पुरं करून घेतलं. बाई धीराची खरी! पण त्या काळच्या इंग्रज बायकांचा वेश म्हणजे पायघोळ झगा. ठेका बाईच्या नावावर असू शकत होता. विजार मात्र बाईच्या अंगावर चालत नव्हती. पॅरिस शहरात तर १८०० साली हुकूम निघाला होता, की बाईला विजार घालायची तर पोलिसांची परवानगी पाहिजे.

आता बर्फाकडे वळू. पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं, त्याला स्कीइंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या बायका हा खेळ लोकरीचे लांब घागरे घालून खेळत. घेराला बर्फ चिकटे, घागरा भिजून जड होई, आणि पडलं तर उठणं मुश्किल. हळूहळू त्यांनी विजार घेतली. १९३१ साली स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावी जागतिक स्पर्धा झाल्या, त्यांत बायकांच्याही शर्यती होत्या.

पण विजार मिळाली म्हणून काम भागलं नाही. ती अंगाला बसायला हवी ना! ढगळ असली तर वाऱ्यानं फडफडते. घट्ट असली तर गुडघा वाकत नाही. लोकरीचं कापड चार दिवसांत गुडघ्याशी पोंग धरतं. यावर म्युनिकच्या मारिया बोगनर यांनी १९५० नंतरच्या काळात तोड काढली. लोकरीबरोबर ताणलं जाणारं नायलॉन वापरून त्यांनी विजारी बनवल्या. अंग वाकलं की कापड ताणतं, अंग सरळ झालं की पूर्ववत होतं. जगभर या विजारींचं नाव झालं.

श्रोते हो, विचार करा. बोरघाटातल्या पाटीवालीची आणि बर्फावरच्या त्या बाईची गरज एकच होती: उतारावर पाय मोकळा राहावा. एकीनं गाठ आणि निऱ्यांनी ती भागवली, दुसरीनं कात्री आणि नव्या धाग्यानं. लुगड्याला माप नसतं. सासूचं सुनेला होतं, बाळंतपणाआधीचं नंतरही चालतं. मात्र त्याचे गोडवेच गाऊ नयेत. नेसायला वेळ लागतो, भिजलं की ओझं होतं, वाळता वाळत नाही.

आणि गंमत अशी, की युरोपातल्या बायका घागरा टाकून विजारीकडे चालल्या होत्या, साधारण त्याच काळात आपल्या शहरांतल्या बायका कासोटा सोडून गोल पातळाकडे वळल्या. पातळ हलकं, सुटसुटीत, दिसायलाही छान. पण ढांग टाकायची मोकळीक गेली. ती शेतात आणि घाटावर मात्र टिकली. बारामतीच्या लता करे नऊवारीतच शर्यत धावल्या. त्यांच्या आयुष्यावर २०२० साली मराठी चित्रपट आला.

आज कर्जत-खालापुरातल्या मुलीही तयार विजारी घालतात, आणि तक्रार तीच: कमरेला बसते तर मांडीला आवळते, मांडीला बसते तर कमरेला सैल. यात दोष अंगाचा नाही, मापांचा आहे. अमेरिकेत तयार कपड्यांसाठी सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली, त्याचा अहवाल १९४१ साली निघाला. तिथल्या अंगाची मापं आपल्या भात लावणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या मुलीला जशीच्या तशी कशी बसावीत? म्हणून विकत घेताना आकड्यावर भरवसा ठेवू नये. विजार घालून उकिडवं बसून पाहावं, एक पाय पायरीवर टाकून पाहावा. कमर मागं उघडी पडली किंवा गुडघा अडला, तर ती विजार आपली नव्हे. आपल्या आज्या लुगडं नेसून झाल्यावर एकदा खाली बसून उठत, ती हीच परीक्षा.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. कवायतीच्या तासाला एखादी मुलगी कडेला उभी राहिली, तर तिला भित्री म्हणण्याआधी तिच्या कपड्याकडे पाहा. पळताना तो आवळत असेल, सुटेल अशी धास्ती असेल. तो नीट करून द्या, गावच्या शिंप्याशी बोला. तिच्या पणजीनं याच घाटात पाटी वाहिली असेल. पाय मोकळा मिळाला तर ही पोरगीही मागं राहणार नाही.