यंत्रयुग आणि जातिभेद

यंत्र आलें कीं जात आपोआप लोपेल, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत फार दिवस रूढ आहे. वाफेच्या इंजिनाला सोवळेंओवळें कळत नाहीं. एकाच भोंग्यावर सर्वांना हजर व्हावें लागतें. तेव्हां जुनी उतरंड कारखान्यांत टिकणार कशी, असें विचारलें जातें. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास या प्रश्नाचें जें उत्तर देतो, तें इतकें समाधानकारक नाहीं.

१८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या गिरणीची कंपनी स्थापिली. पुढील कांहीं दशकांत कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें मुंबईंत आलीं. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोकहि होते. गांवकीच्या कामांतून सुटून रोख पगार हातीं येणें, हा त्यांच्या आयुष्यांतील मोठाच पालट होता. परंतु गिरणींतलीं सर्व खातीं त्यांना मोकळीं नव्हतीं. सूतकताईपेक्षां अधिक मिळकतीचें खातें विणकामाचें. तेथें धोट्यांतील कांडी संपली कीं नव्या कांडीचें सूत धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्यांना त्या खात्यांत येऊं देत नसत. विटाळाची कल्पना यंत्राशेजारींहि तशीच राहिली आणि तिच्यापायीं पगारांत फरक पडला.

दुसरी अडचण भरतीची. माणसें घेण्याचें काम मालकांनीं जॉबरवर सोपविलें होतें. जॉबर आपल्या गांवचीं, नात्यागोत्यांतलीं माणसें आणी आणि वर दस्तुरी घेई. ज्याला जॉबरचा आधार नाहीं, त्यानें बदलीच्या कामाची वाट पाहावी. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं विणकामखात्याचा प्रश्न उघडपणें मांडला. मालकांविरुद्ध एकजुटीची हांक देणारे कामगारच आपल्या सोबत्यांना दार बंद ठेवीत होते, ही विसंगति तेव्हां सर्वांसमोर आली.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईंतील हा धंदा मोडकळीस आला. आज कित्येक गिरण्यांच्या जागीं कचेऱ्या व दुकानें उभीं आहेत. तेथें जात कोणी विचारीत नाहीं, असें आपण अभिमानानें सांगतों. पण इंग्रजी बोलण्याची धाटणी, शाळेचें नांव, ओळखीच्या माणसाची शिफारस यांची विचारपूस होतेच. या गोष्टी आपल्या मुलांना घरबसल्या मिळतात, म्हणून त्यांना आपण गुणवत्ता म्हणतों. ज्याच्या वाडवडिलांना विणकामखात्याचें दार बंद होतें, त्याच्या मुलाला त्या फार महाग पडतात.

नवा धंदा निघाला कीं किती जागा निर्माण झाल्या हें आपण मोजतों. त्या कोणाच्या हातून व कोणत्या कसोटीनें भरल्या जातात, हेंहि पाहिलें पाहिजे. आणि ज्यांना दार उघडें सांपडलें, त्यांच्यावर ही जबाबदारी प्रथम येते.