पेलेचा कोट आणि शेटलंडचा चहा

थंडी पडली की मला एल्सा बेस्को या स्वीडिश बाईंचं १९१२ सालचं चित्रपुस्तक आठवतं. पेलेचा कोट आखूड होतो, म्हणून गडी स्वतःच्या कोकराची लोकर कातरतो. एक आजी ती पिंजून देते, तोवर हा तिच्या गाजरांतलं तण उपटतो. दुसरी सूत कातते, हा तिच्या गाई राखतो. आई मागावर बसते, हा धाकट्या बहिणीला सांभाळतो. मजुरी अशी कुणीच देत नाही!

किती गोड, नाही? पण थांबा. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी, समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरही विणकाम पैशाविनाच चालायचं. तिथल्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालतानाही सुया चालवायच्या. विणलेल्या शाली दुकानदाराला द्यायच्या, बदल्यात चहा नाहीतर कापड घ्यायचं. रोकड मागितली की बहुधा नकारच. शालीचा भाव तोच ठरवणार, चहाचाही तोच! मग तो चहा शेजारीपाजारी देऊन घरासाठी पीठ मिळवायचं. १८७२ च्या सरकारी चौकशी अहवालात या बायकांच्या साक्षीच आहेत. (आम्हा आयटीवाल्यांची फूड कुपनं निदान दहा ठिकाणी तरी चालतात.)

मला वाटतं, गोम पैसा नसण्यात नाहीच. पेलेला आजीचं काम दिसतं, आजीला पेलेचं. शेटलंडमध्ये हिशेबाची वही एकाच्याच हातात होती.

पुढे १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने तिथल्याच फेअर आयल बेटाचा नक्षीदार स्वेटर गोल्फच्या मैदानावर मिरवला, आणि सगळ्यांनाच तो हवासा झाला.