पुडीतल्या आम्लाआधीचा चारा

खुराकात सेंद्रिय आम्ले मिसळण्याची कल्पना नवी वाटते. पण रवंथ करणाऱ्या जनावराचे आम्लाशी नाते जुनेच आहे. पोटातले जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून निघणारी अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लेच गाईच्या ऊर्जेचा मुख्य आधार असतात. नागपूरकडचा गोठा पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीचा कडबा आणि कुटार, म्हणजे वाळवलेल्या वैरणीवर, आणि सरकीच्या ढेपेवर चालला. हिरवा चारा टिकवायचा, तर तो बारीक कापून, दाबून, हवाबंद मुरवावा लागतो. हा मुरघास लॅक्टिक आम्लाने टिकतो. फिनलंडच्या व्हिर्टानेन यांनी ओल्या वैरणीत बाहेरून आम्ल मिसळण्याची पद्धत बसवली. त्यांना मिळालेल्या १९४५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमागे हेच काम प्रामुख्याने होते. पुढे त्यांच्या मूळ आम्लाच्या जागी फॉर्मिक आम्ल रुळले.

खुराकात आम्ल मिसळण्यावर एक आक्षेप रास्त आहे: धान्य जास्त खाल्लेले जनावर आम्लानेच दगावते. खरे आहे, पण ते साचलेले लॅक्टिक आम्ल असते. मॅलिक आम्ल तर ते संपवणाऱ्या जिवाणूंना बळ देते. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके खाद्यातून हद्दपार केल्यावर अशा पर्यायांना मागणी आली. तरीही परिणाम चाऱ्यानुसार बदलतो. म्हणून नागपुरात क्रम स्पष्ट हवा: आधी मुरघास, मग पुडीतले आम्ल. उन्हाळ्यात हिरवी वैरणच नसेल, तर महागडे आम्ल वाया जाईल.